एकशे पासष्ट ग्रेनचा डबा

१६ ऑक्टोबर १९८६, गुरुवार. सकाळी अंगणातल्या बादलीवर बर्फाची साय. डॉइलने सरपणाच्या दोन खेपा आणून दिल्या. दुपारी निएमीसाठी काडतुसांची दुसरी विशी भरायला बसले. १६५ ग्रेन वजनाच्या, जाड सालीच्या गोळ्यांच्या डब्यात एक गोळी निघाली, कमरेभोवती बारीक वळे असलेली. ती त्या डब्यातली नव्हे. चाळून पाहिले, तशा आणखी चार. काम थांबवले. मंगळवारी डी. तळघरात एकटा होता, पाऊण तास. घर तापवायच्या भट्टीची जाळी बदलायला पंधरा मिनिटे पुरतात.

लिओना पेट्रिच वहीत नावाचे नुसते पहिले अक्षर लिहायची ते दोनच प्रकारच्या माणसांचे: जी वारली होती, आणि ज्यांच्याविषयी तिला काही वाईट लिहायचे होते. डॉइल हा तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. वय शेहेचाळीस, रस्तेखात्यात बर्फ हटवायचा नांगर चालवणारा, बायको सोडून गेल्यापासून दर रविवारी मावशीकडे जेवणारा. आजवर वहीत तो पूर्ण नावाने येत असे. त्या गुरुवारी एकाच नोंदीत सकाळचा डॉइल दुपारी डी. झाला.

तिने वही मिटली, डबा ॲप्रनमध्ये गुंडाळून वर आणला आणि पिठाच्या पिंपामागे ठेवला. मग तळघराच्या दाराला कडी घातली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात तिने त्या दाराला कधी कडी घातली नव्हती.

गॅलेना फोर्क गावात बंदुका घरोघर होत्या आणि स्वतःची काडतुसे स्वतः भरणारेही पुष्कळ होते, पण पेट्रिचांच्या तळघरातली काडतुसे वेगळी, असे सगळे म्हणत. लोक श्रेय अँटनला देत. अँटन वितळभट्टीत कामाला होता, शिकारीत नावाजलेला होता, आणि त्याच्या बोटांना धीर नव्हता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याने काडतुसाच्या एकाच पितळी पुंगळीत बंदुकीची दारू दोनदा ओतली, तेव्हा लिओनाने त्याला स्टुलावरून उठवले आणि स्वतः बसली. ती चाळीस वर्षे उठली नाही. मठाच्या शाळेत सिस्टर बेनेडिक्टाने तिला अक्षर शिकवले होते, आणि अक्षराबरोबर हेही की एक काम हातात असताना दुसरे मेजावर ठेवायचे नाही. म्हणून तिच्या मेजावर एका वेळी एकच दारूचा डबा आणि एकच गोळ्यांचा डबा असे. पुंगळी पुसायची, बुडाशी ठिणगीची टोपी बसवायची, दारू तोलायची, गोळी दाबयंत्राखाली बसवायची, आणि तयार काडतुसाची लांबी व्हर्नियर मोजपट्टीने इंचांत मोजून वहीत लिहायची. प्रत्येक काडतुसाची. अँटन हसायचा. म्हणायचा, "अगं, काडतूस आहे ते, बाप्तिस्म्याचं पोर नाही."

अँटन जाऊन अडीच वर्षे झाली होती. त्याच्या मागे ती फक्त वॉल्ट निएमीसाठी भरत होती. निएमी म्हणजे अँटनचा डोंगरातला जोडीदार, छत्तीस हंगाम एका तंबूत झोपलेला. आता त्याचे गुडघे गेले होते. वरच्या खोऱ्यातल्या नर एल्कचा, घोड्याएवढ्या सांबराचा, परवाना सोडतीने मिळतो, आणि निएमी अकरा वर्षे अर्ज भरत होता. या वर्षी त्याचे नाव निघाले. एक परवाना, एक नर, आणि पुढल्या वर्षी त्या चढावर त्याला कोणी खांद्यावर बसवून नेणार नव्हते, हे तोही जाणून होता.

गोळी कुठली घ्यायची यावर सप्टेंबरात स्वयंपाकघरात त्यांचे चांगले वाजले होते.

"दीडशे ग्रेनची भर," निएमी म्हणाला. "हलकी. खांद्याला झटका सोसत नाही मला."

"खांदा दुखतो म्हणून गोळी हलकी? मग बंदूक राहू दे घरी. दगड घेऊन जा."

"दुकानातला पोरगा म्हणाला, हलकी गोळी जोरात जाते, दूरवर सपाट जाते."

"दुकानातल्या पोराला तू सांगितलंस का, की दोनशे पावलांपलीकडचं तुला दिसत नाही?"

निएमीने कॉफीत साखर घातली आणि ढवळत राहिला. "अँटनशी पण तू असंच बोलायचीस?"

"त्याच्यावर वेळच आली नाही. तो ऐकायचा."

मग तिने त्याला सांगितले, जे त्याला ठाऊकच होते. एल्कच्या फऱ्याचे हाड म्हणजे कुंपणाचा खांब. पातळ सालीची गोळी हरणाला ठीक, ती लागल्या जागी फुटते. हाडावर फुटली तर बशीएवढी जखम होते आणि आतले काळीज शाबूत राहते. जनावर तीन डोंगर ओलांडून जाते आणि कावळ्यांसाठी मरते. जाड सालीची, पोटात तांब्याचा आडपडदा असलेली गोळी हाड फोडूनही पुढे जाते. मात्र त्यांच्या तीनशे आठ बोअरच्या बंदुकीच्या पुंगळीत जागा बेताची. फार जड गोळी घातली तर ती दारूची जागा खाते आणि मंदावते. म्हणून मधली, एकशे पासष्ट ग्रेनची, जाड सालीची. अँटनचा तसा एक डबा कपाटात तळाशी होता, जवळजवळ भरलेला.

"म्हणजे तू आधीच ठरवलं होतंस," निएमी म्हणाला.

"तू बूट काढायच्या आधी."

चार ऑक्टोबरला तिने वीस काडतुसे भरून त्याला दिली. उरलेली वीस भरायला बसली तेव्हा ती वळ्याची गोळी तिच्या चिमटीत आली.

ती गोळी कुठली हे ओळखायला तिला चष्मा लागला नाही. एकशे पासष्टचीच, पण पातळ सालीची, हरणाची. वजन तेच, जाडी तीच, टोकाला तसेच उघडे करडे शिसे. डोळ्यांना दिसणारा फरक फक्त कमरेच्या वळ्याचा, आणि गोळी पुंगळीत बसली की ते वळे पुंगळीच्या गळ्यात दिसेनासे होते. म्हणजे निएमीला दिलेल्या विसांत काय गेले हे बाहेरून नुसते पाहून कोणालाच कळणार नव्हते.

शुक्रवारी तिने जुन्या वह्या काढल्या आणि जिथे जिथे डॉइल होता तिथे कागदाचा कपटा घातला. फेब्रुवारी: "डॉइल म्हणाला, दारूचे डबे भट्टीच्या फार जवळ आहेत." मे: "डॉइल म्हणाला, मावशी, आता तळघराच्या पायऱ्या चढउतार करणं पुरे." ऑगस्ट: "डॉइलने ए.ची बंदूक मागितली नाही, पण हातात घेऊन बराच वेळ पाहिली." गेल्या महिन्यात: "कॅफेतली मार्जेरी सांगत होती, डॉइल तिथे म्हणाला की मावशीची नजर पूर्वीची राहिली नाही." लिहिताना यातले एकही वाक्य तिला टोचले नव्हते. आता ती सगळी एका रांगेत उभी राहिली. दोन खेपा सरपणही त्या रांगेत जाऊन उभे राहिले. एवढी माया कशापायी? एक म्हातारी चुकली हे गावाला दाखवायचे असेल तर याहून सोपे काय होते? तिच्या डब्यात पाच-दहा परक्या गोळ्या टाकायच्या आणि हंगाम उघडायची वाट पाहायची. निएमीचा नर जखमी होऊन पळाला की कोणी काही बोलायची गरज नव्हती. तिने स्वतःच मेज आवरले असते.

पुराव्याशिवाय मनात कोणाला दोषी धरणे हे पाप आहे, असे सिस्टर बेनेडिक्टा सांगत असे. लिओनाला ते आठवले. म्हणून ती पुराव्याच्या मागे लागली. गोळ्यांच्या कपाटाच्या दोन मुठींना तिने काळा दोरा बांधला, शिवणाचा, सहज दिसणार नाही असा. तळघराची कडी काढून ठेवली. आणि डॉइलला फोन करून सांगितले की खिडकीतून वारा येतो.

शनिवारी तो आला, तळघरात गेला, वीस मिनिटांनी वर आला. ती खाली गेली. दोरा तुटला होता.

वर आली तेव्हा डॉइल तिच्याच खुर्चीत बसून अक्रोडाच्या पावाचा तुकडा कापत होता.

"मावशी, साखर कमी पडली का गं या खेपेला?"

"कपाट का उघडलंस?"

"कुठलं कपाट?"

"एक कपाट आहे खाली. तेच."

"खिडकीला चिकटवायची पट्टी त्यातच असते," तो म्हणाला. "अँटनकाकाच्या वेळेपासून तिथंच असते." मग त्याने सुरी खाली ठेवली. "तुला कसं कळलं मी कपाट उघडलं ते?"

"दोरा बांधला होता."

"माझ्यासाठी?"

तिने पिठाच्या पिंपामागून डबा काढला आणि वळ्याच्या पाच गोळ्या मेजपोसावर ओळीने ठेवल्या. "जाड सालीच्या डब्यात या पातळ कोणी घातल्या, डॉइल? मंगळवारी तू पाऊण तास खाली होतास."

"जाळी गंजली होती! निघेना! बोटं बघ माझी." त्याने हात पुढे केला. दोन बोटांवर खपल्या होत्या. "तुला वाटतं, मी निएमीच्या बंदुकीत... त्या माणसानं मला पोहायला शिकवलंय."

"माझी नजर गेली असं कॅफेत कोण म्हणालं?"

"मी म्हणालो. गेली नाही का? मागच्या रविवारी मिठाच्या जागी सोडा घातलास. मी खाल्लं मुकाट्यानं. पण मला तुझं मेज बंद करायचं असतं ना मावशी, तर मी तुझ्या तोंडावर भांडलो असतो. चोरून गोळ्या कशाला मिसळेन?"

तो उठला. खिशातली जुडी काढून त्याने त्यातून तिच्या घराची किल्ली सोडवली. जुडीची कडी घट्ट होती, नखाने ती उघडायला त्याला वेळ लागला. किल्ली त्याने त्या पाच गोळ्यांच्या शेजारी ठेवली.

"खिडकी अर्धी झालीये," तो म्हणाला आणि गेला.

आता तरी तिला बरे वाटायला हवे होते. वाटले नाही. पण संशयही हलला नाही. खपल्या सरपण तोडतानाही पडतात. ती चार ऑक्टोबरचे पान काढून बसली. वीस काडतुसे, वीस लांब्या, तिच्याच स्वच्छ अक्षरात. तेरांची लांबी २.७९० च्या आसपास. सातांची २.७६० च्या. आणि खाली तिनेच लिहिले होते: "दाबयंत्राचा स्क्रू ढिला असावा. आवळला." दाबयंत्र गोळीला खांद्यावर धरते, टोकावर नाही. नाकाची ठेवण वेगळी असेल तर स्क्रू कितीही आवळा, लांबी वेगळीच येणार. हे तिला अँटनने नव्हे, तिने अँटनला शिकवले होते.

सात. आणि चार ऑक्टोबर हा मंगळवारच्या दहा दिवस आधीचा दिवस. तेव्हा डॉइल पंधरवडाभर वरच्या घाटात रस्त्याच्या कामावर होता. तेही वहीत होते, तिच्याच अक्षरात, आणि त्या पानावर तिने कपटा घातला नव्हता.

मग कोण? घरात दुसरे कोणी येत नव्हते. उरले तिचे स्वतःचे डोळे. तिने आरशासमोर उभे राहून एक डोळा झाकला, मग दुसरा, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातले संतांचे सण वाचून पाहिले. वाचता आले. त्यावरही तिचा विश्वास बसेना, कारण ते सण तिला पाठच होते.

रविवारी चर्चमधली मिसा झाल्यावर तिने निएमीला गाठले आणि सांगितले, वीस काडतुसे परत आण.

"वीस नाहीत, चौदा. सहा उडवली खाणीत, निशाण लावायला."

"कशी गेली?"

निएमीने टोपी काढून पुन्हा घातली. "चार बशीएवढ्या जागेत बसली. दोन भरकटली. मला वाटलं, आता डोळेही गेले. कुणाला सांगितलं नाही."

दुपारी तो काडतुसांचा खोका घेऊन आला. तिने एकेक व्हर्नियरमध्ये धरले. नऊ लांब, पाच आखूड. आखूडांतले एक तिने गोळी सोडवायच्या पोकळ हातोड्याच्या खोबणीत बसवून फरशीवर तीनदा आपटले, तेव्हा गोळी निसटून बाहेर आली. कमरेला वळे होते.

"हरणाची," निएमी म्हणाला.

"हरणाची. अशा सात दिल्या मी तुला. डबा अँटनचा, वरची चिठ्ठी त्याच्या हातची. आत काय मिसळलं ते मला कळत नाहीये, वॉल्ट. मी डॉइलला चोर ठरवलं काल. दोरा बांधला."

निएमीने डबा उचलला, चिठ्ठी वाचली, डबा उलटा केला. खालच्या कोपऱ्यात पुठ्ठा चेमटला होता. तिथे त्याने अंगठा ठेवला आणि तो तिथेच राहिला.

"काय?" ती म्हणाली. "तुला काहीतरी माहीत आहे."

"त्यानं मला शपथ घातली होती."

"कोणी?"

"तू चर्चला गेली होतीस. राखेचा बुधवार होता, तो गेला त्याच्या आधीचा. मला म्हणाला, एकदा खाली ने. मी जवळजवळ उचलूनच नेला. तुझ्या स्टुलावर बसला. म्हणाला, पाच भरतो, मग वर जाऊ. हात असे हलत होते." निएमीने हात हलवून दाखवला. "दोन्ही डबे मेजावर काढले होते त्यानं, हा, आणि हरणाच्या थोड्याशा उरलेल्या गोळ्यांचा. मी म्हटलं, लिओना एका वेळी एकच काढते. तर म्हणाला, लिओना घरी नाहीये. आणि दोन्ही खाली पाडले. सगळ्या फरशीवर गोळ्या. मी गुडघ्यांवर बसून वेचल्या."

"आणि एका डब्यात भरल्या."

"त्यानं तराजू लावला. एकशे पासष्ट, एकशे पासष्ट, एकशे पासष्ट. म्हणाला, वजन एक आहे, आता कशाला निवडत बसायचं, उद्या निवडीन. मला म्हणाला, तिला सांगू नकोस. तिनं चाळीस वर्षं एक गोळी चुकवली नाही, आणि मी एका दुपारी... सांगू नकोस." निएमीने डबा खाली ठेवला. "मला वाटलं त्यानं निवडल्या असतील."

"सहा आठवडे होते त्याला."

"त्यानंतर तो खाली गेलाच नाही, लिओना."

ती उठली आणि चौऱ्याऐंशीची वही घेऊन आली. राखेच्या बुधवारची नोंद तिने उभ्यानेच वाचली, मोठ्याने नाही. "ए.ला आज हुशारी वाटत होती. निएमी येऊन गेला. ए. हसत होता. रात्री नीट जेवला." तेव्हा अँटन जिवंत होता, आणि तरी तिने ए. लिहिले होते. का लिहिले असेल, हे तिला आठवेना. तिला एवढेच कळले की गेले तीन दिवस ती डॉइलवर, मग स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेऊन दमली, आणि एका माणसाकडे तिने मान वळवूनही पाहिले नाही.

"मूर्ख," ती म्हणाली.

"मी?"

"तूही."

निएमीने मान्य केले. "मग आता? हंगाम पुढच्या रविवारी उघडतोय. तू भरणार नसशील तर मी दुकानातली घेतो. बोल."

हा प्रश्न त्याने सरळ विचारला, म्हणून तिनेही सरळ विचार केला. उरलेला डबा निवडता आला असता. वळे दिसत होते, एकेक करून वेगळे झाले असते. पण तो डबा आता तिला नको होता. गावात जाड सालीची एकशे पासष्ट शिल्लक नव्हती, तिने शुक्रवारीच चौकशी केली होती. होती ती एकशे ऐंशीची.

"एकशे ऐंशी," ती म्हणाली. "जाड. हातात घेतली तरी कळते, डोळे मिटून. तराजूवर खोटं बोलत नाही. थोडी मंद जाईल, दोनशे पावलांवर तीन-चार बोटं खाली लागेल. गुरुवारपर्यंत खाणीत जाऊन निशाण पुन्हा लाव."

"आणि खांदा?"

"खांद्याला गरम पाण्याची पिशवी बांध. आणि ऐक. मी भरीन, पण मोजणार दुसरा कुणीतरी. मी मोजलं होतं आणि पाहिलं नाही."

"मी मोजू?"

"तू नाही. तू शपथा पाळतोस."

सोमवारी संध्याकाळी ती डॉइलच्या घरी गेली. तो नांगराची साखळी तेलात घालत होता. त्याने उठून खुर्ची दिली नाही. तिने उभ्यानेच सगळे सांगितले, अँटनचा हलणारा हात, पडलेले डबे, ए. आणि डी. सुद्धा. शेवटी किल्ली त्याच्या फळीवर ठेवली.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. "मला पुरावा हवा होता, आणि तो माझ्याच वहीत होता. चार तारखेला तू घाटात होतास. ते पान मी वाचलंच नाही."

"म्हणजे निएमीनं तोंड उघडलं नसतं तरी कळलं असतं."

"कळलं असतं. मी मान्य केलं असतं का, ते सांगता येत नाही."

डॉइलने साखळी उलटी केली. "निदान खोटं बोलली नाहीस," तो म्हणाला. मग त्याने विचारले, "वहीतलं ते डी. खोडशील?"

"मी वहीत खोडत नाही. खाली लिहीन."

"काय लिहिशील?"

"जे झालं ते."

मंगळवारी तो आला, वेळेवर, पण जेवायला थांबणार नाही असे दारातच सांगून. लिओना स्टुलावर बसली. मेजावर एक दारूचा डबा, एक गोळ्यांचा. ती भरत गेली आणि तो शेजारी उभा राहून व्हर्नियरचे आकडे मोठ्याने वाचत गेला. अकराव्या काडतुसाला तो थांबला.

"हे जरा जास्त आहे."

तिने ते घेतले, मोजले, पुन्हा मोजले. "जबड्यात तेलाचा थर आहे. पूस आणि मोज."

पुसून मोजले, बरोबर आले. पण तिने तेही काडतूस हातोड्यात आपटून उघडले आणि आतली गोळी तराजूवर ठेवली. एकशे ऐंशी. डॉइल हसला, शनिवारनंतर पहिल्यांदा. "मावशी, आता हातोड्यावर पण संशय घे."

"त्याची पाळी उद्या," ती म्हणाली.

गुरुवारी निएमीने खाणीतून येताना पुठ्ठा आणला. तीन भोके, एका कॉफीच्या बशीखाली झाकतील एवढी. त्याने तो मेजावर ठेवला आणि खांदा चोळत बसला. शिकार होईल न होईल, ते डोंगरावर. त्याच्या बंदुकीत काय आहे हे मात्र आता तिघांना ठाऊक होते.

तो गेल्यावर तिने कपाटातले अँटनच्या हातचे बाकीचे नऊ डबे काढले. एकेक गोळी तराजूवर नाही, प्रकाशात फिरवून पाहिली. पाचशेच्या वर होत्या. सगळ्या बरोबर निघाल्या. तरी तिने त्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढून आपल्या अक्षरात नव्या लावल्या. मग वही उघडली, सोळा तारखेच्या नोंदीखाली जे झाले ते लिहिले, आणि आजच्या पानावर लिहिले: डॉइल आला होता, उरलेली अर्धी खिडकी पूर्ण केली. कोबीच्या बरणीवरचे फडके बदलले, मिठाचे पाणी वर घातले, कोबी अजून आंबायचा आहे.